विलायतेतील निवृत्तिवेतन आणि हुंडणावळीचा प्रश्न (१८७३ ते १९५५)

एका देशाच्या तिजोरीतून मिळणारे निवृत्तिवेतन दुसऱ्या देशात राहून घ्यावयाचे असेल, तर ते देण्याचे वचन कोणत्या नाण्यात लिहिले आहे, हा प्रश्न वेतनाच्या रकमेइतकाच महत्त्वाचा ठरतो. दोन्ही देशांच्या नाण्यांचे परस्परमूल्य स्थिर असते तोवर हा प्रश्न कोणाच्या ध्यानातही येत नाही. ते मूल्य ढळू लागले, की कोणाला तरी तोटा सोसावा लागतो. आणि तो कोणी सोसावयाचा, हे बहुधा नोकरीच्या करारातील एखाद्या दुर्लक्षित शब्दावर अवलंबून असते. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हिंदुस्थान सरकारच्या विलायतेतील खर्चाविषयी, म्हणजे ज्यांना ‘होम चार्जेस’ म्हणत त्यांविषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ती चर्चा बहुधा एकूण आकड्याभोवती फिरत राहिली. निवृत्तिवेतन ही त्या खर्चातील सर्वांत मोठी बाब नव्हती. कर्जाचे व लोहमार्गांवरील भांडवलाचे व्याज तिच्याहून मोठे होते. तथापि हुंडणावळीचा तोटा कोणाच्या माथी बसतो, हे जितक्या स्पष्टपणे या बाबीत दिसते तितके ते अन्यत्र दिसत नाही.

अठराव्या शतकातील कंपनीच्या नोकराला निवृत्तिवेतनाची फारशी चिंता नसे. तो संपत्ती मिळवी व ती घेऊन परते. ती विलायतेस न्यावयाची कशी, हीच त्याची अडचण असे. कंपनीच्या हुंड्यांवर मर्यादा होत्या. म्हणून डच व फ्रेंच कंपन्यांच्या हुंड्या, हिरे, चीनशी चालणारा व्यापार असे आडमार्ग शोधले जात. १७७० मध्ये क्लाइव्हच्या देणगीतून लष्करी नोकर व त्यांच्या विधवांसाठी एक निधी उभा राहिला. मुलकी नोकरांचे वर्गणीचे निधी नंतर निघाले. खाजगी व्यापार व नजराणे बंद होऊन पगार नियमित झाले, तसे नोकरीच्या अखेरीस मिळणारे वार्षिक वेतन हेच या नोकरीचे मोठे आकर्षण बनले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सनदी मुलकी नोकराचा नियम सर्वपरिचित होता : २५ वर्षांची नोकरी, त्यांपैकी २१ वर्षे प्रत्यक्ष काम, नोकरीत असताना पगारातून शेकडा ४ ची कपात आणि त्यानंतर वर्षाला १,००० पौंड. लग्नाच्या बाजारात अशा वराचे मोल काय, याविषयी इंग्रजी समाजात विनोद रूढ होते. कारण तो निवर्तला, तरी विधवेला वर्षाकाठी ३०० पौंड मिळत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे वचन पौंडांत होते. ते पाळण्यासाठी लागणारा पैसा मात्र रुपयांत जमा होई. जमीनमहसूल, मीठ, अफू, जकात या सर्व बाबींचे उत्पन्न रुपयांचेच होते. मग बेडफर्ड किंवा चेल्टनम येथे राहणाऱ्या निवृत्त कलेक्टरच्या हाती पौंड पडत ते कसे?

यासाठी बोटीतून रुपये नेले जात नसत. भारतमंत्री लंडनमध्ये हिंदुस्थानच्या खजिन्यांवर हुंड्या काढून विकीत. व्यापारात त्यांना ‘कौन्सिल बिले’ म्हणत. बँक ऑफ इंग्लंडमध्ये दर बुधवारी या हुंड्यांसाठी मागण्या घेतल्या जात. हिंदुस्थानातून कापूस, ताग, गहू किंवा गळिताची धान्ये विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांना येथे रुपये हवे असत. त्यांच्या बँका लंडनमध्ये पौंड भरून ही हुंडी घेत आणि मुंबई, कलकत्ता किंवा मद्रास येथील सरकारी खजिन्यात ती वटवून रुपये उचलीत. घाई असेल तर थोडा अधिक दर देऊन तारेने पैसे मिळविण्याचीही सोय होती. वऱ्हाडातील एखाद्या कुणब्याने खामगावच्या किंवा अमरावतीच्या बाजारात कापूस विकला, म्हणजे त्याच्या पदरात पडणारे रुपये अनेकदा मुंबईच्या खजिन्यातून अशा हुंडीवर निघालेले असत. तोच कुणबी पुढे त्यांतील काही रुपये शेतसाऱ्यापोटी परत सरकारात भरी. कापसाच्या गाठी लिव्हरपूलला किंवा हॅम्बुर्गला जात. त्यांच्या किमतीचे पौंड भारतमंत्र्याच्या खात्यात जमा होत. आणि त्या खात्यातून व्याज, लष्करी सामान व निवृत्तिवेतने भागविली जात. रुपया देशातल्या देशात फिरत राही, बाहेर जाई तो माल. आयातीपेक्षा निर्यात सतत अधिक असूनही त्या आधिक्याच्या प्रमाणात सोने-चांदी हिंदुस्थानात का येत नाही, या कोड्याचे बरेचसे उत्तर या व्यवस्थेत आहे.

पैसा लंडनमध्ये पोहोचल्यावर तो निवृत्तांच्या घरापर्यंत नेण्याचे काम काही पेढ्या करीत. त्यांपैकी ग्रिंडले यांची पेढी १८२८ मध्ये निघाली. तिचा संस्थापक रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले हा मुंबईच्या फौजेत अधिकारी होता. पश्चिम हिंदुस्थानातील स्थळांची त्याने केलेली चित्रे आजही संग्राहकांना ठाऊक आहेत. स्वतः परतलेल्या माणसाला परतणाऱ्यांच्या गरजा उमगाव्यात, हे स्वाभाविकच होते. प्रवासाची तिकिटे काढणे, सामान पोचविणे, पगार व निवृत्तिवेतन वसूल करून खात्यात भरणे, येथील बचत तेथे पाठविणे, अशी नाना कामे या पेढीने अंगावर घेतली आणि कालांतराने तिची बँक बनली.

१८७३ पूर्वी रुपया सामान्यतः दोन शिलिंगांच्या आसपास असे. त्यामुळे १,००० पौंड म्हणजे सुमारे दहा हजार रुपये, हा हिशेब उभय पक्षी सोयीचा होता. पुढे जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारून आपली चांदी विकावयास काढली, फ्रान्स व त्याच्या सहकारी राष्ट्रांनी चांदीची नाणी पाडणे प्रथम आवरले व मग थांबविले, अमेरिकेतील नेव्हाडाच्या खाणींतून विपुल चांदी निघू लागली. चांदी घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८७३-७४ मध्ये भारतमंत्र्याला त्याच्या हुंड्यांवर दर रुपयास सरासरी १ शिलिंग १०.३५१ पेन्स मिळाले होते. १८९२-९३ मध्ये तो दर १ शिलिंग २.९८५ पेन्सवर आला. त्या वर्षी १,६५,३२,२१५ पौंड विलायतेस पोचविण्यासाठी २६,४७,८४,१५० रुपये लागले. १८७३-७४ च्या दराने तेवढेच काम १७,७५,१९,२०० रुपयांत भागले असते. पावणेनऊ कोटींच्या घरातील हा फरक कोणत्याही नव्या सेवेचा मोबदला नव्हता.

हाच हिशेब एका माणसापुरता मांडला तर अधिक बोलका होतो. सनदी नोकराच्या १,००० पौंडांसाठी १८७३-७४ मध्ये हिंदुस्थानच्या खजिन्याला सुमारे १०,७३८ रुपये पडत होते. १८९२-९३ मध्ये त्याच १,००० पौंडांना १६,०१६ रुपये पडू लागले. चेल्टनमच्या गृहस्थाच्या राहणीत त्यामुळे काडीचाही फरक पडला नाही. रुपयाच्या घसरणीची त्याला वार्ता लागली असेल, तर ती वर्तमानपत्रातूनच. तोटा सर्वस्वी येथील करदात्याकडे आला, आणि तोही कोणी तसे ठरविले म्हणून नव्हे, तर मूळ वचनात ‘पौंड’ हा शब्द होता म्हणून.

याच काळात इंग्रज नोकरांचाच दुसरा एक वर्ग नेमक्या उलट स्थितीत सापडला होता. शिक्षण, बांधकाम, जंगल, तार इत्यादी खात्यांतील बिनसनदी नोकरांचे निवृत्तिवेतन रुपयांत ठरलेले असे व त्याची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला ५,००० रुपये होती. रुपया दोन शिलिंगांचा असता तर या रकमेचे ५०० पौंड झाले असते. रुपया १ शिलिंग ३ पेन्सवर येताच तिचे ३१२ पौंड १० शिलिंग उरले. तीस वर्षे हिंदुस्थानातील उन्हात रस्ते व कालवे बांधलेल्या अभियंत्याला म्हातारपणी आपले उत्पन्न वर्षावर्षाला आटताना पाहावे लागले. त्याचा स्वतःचा काही अपराध नव्हता, हे मान्य केले पाहिजे. या लोकांनी अर्ज केले, सभासदांना भेटले, आणि १८९० मध्ये पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाच्या निवड समितीपुढे त्यांचे गाऱ्हाणे आले. पुढे विलायतेत दिल्या जाणाऱ्या अशा निवृत्तिवेतनांसाठी दर रुपयास १ शिलिंग ९ पेन्स हा सवलतीचा दर रूढ झाला. त्यायोगे ५,००० रुपयांचे ४३७ पौंड १० शिलिंग मिळत. बाजारभाव १ शिलिंग ३ पेन्सचा धरला, तर एवढे पौंड घेण्यास खजिन्याला ७,००० रुपये मोजावे लागत. म्हणजे कागदावर ५,००० राहिलेले वेतन प्रत्यक्षात ७,००० चे झाले. सनदी नोकराचा तोटा कराराच्या शब्दाने करदात्यावर टाकला होता, बिनसनदी नोकराचा तोटा सवलतीच्या दराने टाकला.

नोकरीत असलेल्यांचीही अशीच तजवीज १८९३ मध्ये करण्यात आली. हिंदुस्थानचे कायम रहिवासी नसलेल्या युरोपियन व युरेशियन अधिकाऱ्यांच्या निम्म्या पगाराचे, वर्षाला १,००० पौंडांच्या मर्यादेत, १ शिलिंग ६ पेन्स दराने रूपांतर करून बाजारभावातील फरक त्यांना ‘हुंडणावळीची भरपाई’ म्हणून देण्याचे ठरले. अर्थसंकल्पात तूट असताना हा निर्णय झाला, आणि त्याच कचेरीत त्याच कामावर असलेल्या हिंदी अधिकाऱ्याला तो लागू नव्हता. काँग्रेसच्या व्यासपीठावर त्याविरुद्ध उठलेला आवाज तीव्र होता, याचे आश्चर्य वाटावयास नको.

त्याच वर्षी, २६ जून रोजी, हर्शेल समितीच्या शिफारशीस अनुसरून मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. रुपयांचा पुरवठा रोखला की त्याचे मोल चढेल आणि विलायतेचा खर्च कमी रुपयांत भागेल, असा यामागील विचार होता. रुपया लगेच चढला नाही. १८९४-९५ मध्ये तो १३ पेन्सच्या आसपास होता व तेव्हा १,००० पौंडांना १८,००० हून अधिक रुपये लागत. १८९८ पर्यंत मात्र तो १ शिलिंग ४ पेन्सवर आला, आणि १८९९ मध्ये १५ रुपयांस एक सॉव्हरिन हे प्रमाण कायद्याने पक्के झाले.

या उपायाची किंमत कोणी दिली, हे पाहण्यासाठी पुन्हा खेड्याकडे वळावे लागते. शेतकऱ्याची बचत बँकेत नव्हती. ती बायकोच्या गोठ-वाळ्यांत, कमरेच्या साखळीत होती. टांकसाळ खुली असताना तोळाभर चांदीला रुपयाच्या जवळपास मोल होते. टांकसाळ बंद झाल्यावर नाणे एका वाटेने गेले आणि चांदी दुसऱ्या. १८९७-९८ च्या भावाने रुपयात जेवढी चांदी असे तिची किंमत दहा आण्यांच्या आसपास होती. दख्खनमध्ये १८९६-९७ चा व पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा दागिने मोडावयास निघालेल्या माणसाला ही घट सोसावी लागली; सारा मात्र पूर्ण सोळा आण्यांच्या रुपयातच भरावयाचा होता. टांकसाळी केवळ निवृत्तिवेतनासाठी बंद केल्या, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. विलायतेतील एकूण देणे व अर्थसंकल्पातील तूट ही त्यामागील कारणे होती. पण युरोपियन नोकरांच्या अडचणीचाही हर्शेल समितीने विचार केला होता.

हिंदी विचारवंतांनी या प्रश्नाकडे एकाच दृष्टीने पाहिले नाही. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंध वाचला, तेव्हापासून त्यांचा भर पैसा कोठे खर्च होतो यावर होता. येथे मिळविलेला पगार येथेच खर्च झाला तर तो देशातच फिरतो, निवृत्तिवेतन विलायतेत खर्च झाले तर तो ओघ कायमचा बाहेर जातो. त्यांच्या मते पैशाहूनही मोठी हानी वेगळीच होती. तीस वर्षांच्या कारभारात मिळविलेले ज्ञान व अनुभव घेऊन अधिकारी निघून जातो आणि देशाला शहाण्या, अनुभवी वडीलधाऱ्या माणसांचा लाभ होत नाही. या दृष्टीने सत्येंद्रनाथ टागोर यांचे उदाहरण मननीय आहे. पहिले हिंदी सनदी अधिकारी असलेले सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात नोकरी करून १८९७ मध्ये सातारा येथून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले व स्वदेशातच राहिले. त्यांच्या वेतनासाठी कोणत्याही बुधवारी हुंडी विकावी लागली नाही.

न्यायमूर्ती रानडे यांचा सूर निराळा होता. १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत बोलताना त्यांनी, या खंडणीपुढे आपले काहीच चालणार नाही असे म्हणून हातावर हात ठेवून बसणे योग्य नव्हे, असे प्रतिपादन केले. त्या रकमेचा काही भाग घेतलेल्या भांडवलाचे व्याज आहे, काही भाग सामानाची किंमत आहे, काही कारभार, संरक्षण व निवृत्तिवेतनाचा आहे. त्यातील अनावश्यक खर्चाविषयी तक्रार जरूर करावी, पण उद्योगधंदे उभारण्याकडे पाठ फिरवू नये, अशी त्यांची भूमिका होती. या दोन भूमिकांत विरोध दिसतो तेवढा तो नाही. दादाभाई ओघाची दिशा दाखवीत होते आणि रानडे त्यातील प्रत्येक बाब वेगळी काढून तपासावयास सांगत होते. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत रानड्यांची पद्धत अधिक उपयोगी पडते, कारण केलेल्या कामाचे वेतन आणि हुंडणावळीपायी त्यावर चढलेला बोजा या दोन गोष्टी तिने वेगळ्या करता येतात.

१८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे १८९७ साली डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले आणि बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशनतर्फे दिनशा वाच्छा यांनी साक्षी दिल्या. त्यांत युरोपियन नोकरवर्गाच्या खर्चीकपणाचा प्रश्न विस्ताराने आला. आयोगाच्या रचनेत मात्र एक विलक्षण योग होता. दादाभाई व केन यांच्यासह ज्या तिसऱ्या सभासदाने बहुमताच्या अहवालाशी मतभेद नोंदविला, ते सर विल्यम वेडरबर्न स्वतः मुंबई इलाख्याचे निवृत्त सनदी अधिकारी होते. पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी बँक काढण्याची त्यांची योजना वरिष्ठांनी निकालात काढली होती. १८८७ मध्ये ते निवृत्त झाले, १८८९ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि नंतर वर्षानुवर्षे काँग्रेसच्या ब्रिटिश समितीचा भार त्यांनी वाहिला. अ‍ॅलन ह्यूम यांचेही तसेच. १८८२ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ज्या ओघाविरुद्ध काँग्रेस झगडत होती, त्याच ओघातील वेतनावर तिचे हे दोन आधारस्तंभ निर्वाह करीत होते. विरोधकांना यात विसंगती दिसली असेल. परंतु हिंदुस्थानने दिलेल्या निवृत्तिवेतनाचा इतका सव्याज परतावा क्वचितच मिळाला असेल.

१ शिलिंग ४ पेन्सचा दर पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. युद्धानंतर रुपया दोन शिलिंगांवर नेण्याचा प्रयत्न फसला, आणि १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सचा दर ठरला. या वेळचा वाद मुंबईत विशेष पेटला. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी हिल्टन यंग आयोगात भिन्नमत नोंदवून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला होता. नव्या दराने १,००० पौंडांना १५,००० ऐवजी १३,३३३ रुपये लागणार, ही सरकारची बचत होती. पण त्याच दराने निर्यातीच्या कापसाला कमी रुपये मिळणार, आणि सारा व सावकाराचे देणे तेवढेच राहणार, हा मुंबईकरांचा आक्षेप होता. रुपया उतरला तेव्हा करदाता बुडाला. तो चढविला तेव्हा उत्पादकाची पाळी आली.

१९४७ मध्ये सत्तांतर झाले तेव्हा हे प्रकरण मिटविणे अपरिहार्य झाले. भारतमंत्र्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या नोकरीच्या अटींना स्वातंत्र्याच्या कायद्यानेच संरक्षण दिले होते. देणे नाकारण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो पौंडांत किती वर्षे, कोणत्या दराने देत राहावयाचे हा. दरम्यान परिस्थिती पालटली होती. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानने ब्रिटनला पुरविलेल्या माल व सेवांच्या मोबदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगची प्रचंड शिल्लक साचली होती. १९४८ च्या मध्यास ती एक हजार दशलक्ष पौंडांहून अधिक होती. कर्जदार हिंदुस्थान आता धनको झाला होता, पण ही शिल्लक ब्रिटनने गोठविली असल्यामुळे मनास येईल तशी खर्च करता येत नव्हती.

जुलै १९४८ मध्ये अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांच्या शिष्टमंडळाने केलेल्या करारात या शिलकेतूनच निवृत्तिवेतनाचे देणे एकरकमी विकत घेण्यात आले. मध्यवर्ती सरकारच्या देण्यापोटी १४७.५ दशलक्ष पौंड आणि प्रांतिक सरकारांच्या देण्यापोटी २०.५ दशलक्ष, मिळून १६८ दशलक्ष पौंड ब्रिटनकडे वळते केले गेले. त्या वेळच्या दराने ते २२४ कोटी रुपये होत. बदल्यात ब्रिटनने साठ वर्षे चालणारी व दरवर्षी घटत जाणारी वार्षिकी देण्याचे मान्य केले. निवृत्त अधिकारी व त्यांच्या विधवा काळाच्या ओघात कमी होत जाणार, हा हिशेब त्या घटत्या आकड्यांत होता. रक्कम मोठी होती. परंतु हीच शिल्लक साचत असताना बाजारात माल दुर्मिळ झाला होता, भाव कडाडले होते आणि १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती. कलेक्टरांच्या निवृत्तिवेतनाचा अखेरचा हप्ताही, पहिल्या हप्त्याप्रमाणेच, येथील मालानेच फेडला गेला. फरक एवढाच की या वेळी हुंडी काढावी लागली नाही.

१९५५ च्या एप्रिलपासून ही निवृत्तिवेतने देण्याची जबाबदारी ब्रिटिश सरकारने स्वतःकडे घेतली व तसा कायदा त्याच वर्षी पार्लमेंटने केला. त्यानंतर अकरा वर्षांनी, ६ जून १९६६ रोजी, रुपयाचे अवमूल्यन होऊन १३ रुपये ५ आणे ४ पैंचा पौंड २१ रुपयांचा झाला. जुनी व्यवस्था चालू असती, तर प्रत्येक १,००० पौंडांमागे भारताच्या तिजोरीतून त्या दिवसापासून ७,६६७ रुपये अधिक जाऊ लागले असते.